दोर ओवलेल्या पेट्या

आमच्या दोन वर्षांच्या तेमिरच्या खोलीसाठी माझ्या नवऱ्याने, कानिबेकने, दोन लाकडी पेट्या केल्या. एक खेळण्यांची, एक कपड्यांची. दोन्हींना धरायला जाड दोरही ओवला.

“हा कशाला?”

“असू दे. उचलायला बरं.”

रविवारी नारिनहून सासूबाई आल्या. चहाला हात न लावता त्यांनी आधी पेटी उचलून पाहिली.

“शाब्बास रे! फोनवर सांगितला तस्साच दोर लावलास. गाडीत चढवायला सोपं. सूनबाई, तोंड काय पाडतेस? पहिलं नातवंड आजीनेच वाढवायचं, ही आपली रीत. तुला होईल की दुसरं.”

कानिबेक पेटीवरचा भुसा फुंकत होता. मला त्या भुशाचीसुद्धा किळस आली.

मी दोन्ही पेट्यांत कानिबेकचे कपडे कोंबले.


“घेऊन जा, आई. तुमचंच पोर अजून वाढवायचं राहिलंय.”