पाठमोरी ऑस्ट्रिया

"पोलंड सही करणार नाही," बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन धाकटीपुढे सरकवला. "बघ, तिच्या हातातलं पेन उलटं काढलंय."

धाकटीने वाकून पाहिलं. "खरंच की."

रविवारी दुपारी आईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून दोघी बहिणी ती चित्रमालिका वाचायच्या. एका जुन्या इमारतीत युरोपातले देश बिऱ्हाड करून राहतात, एवढीच गोष्ट. काढणारं कोण ते कुणालाच ठाऊक नव्हतं. चित्राखाली 'भाडेकरू' एवढंच लिहिलेलं असे. दर रविवारी पाचला नवा भाग यायचा आणि मग आठवडाभर हजारभर रिकामटेकडे लोक ग्रुपवर त्यातल्या कपबशीचासुद्धा इतिहासाशी संबंध लावत बसायचे.

त्यांच्यात बाईंचा शब्द अखेरचा. शाळेत चोवीस वर्षं इतिहास शिकवलेला. पोलंडचा आरसा तीन ठिकाणी तडकलेला दिसला, तेव्हा सतराशे बहात्तर, त्र्याण्णव आणि पंच्याण्णव, म्हणजे पोलंडच्या तीन फाळण्या, हे त्यांनी चहा ढवळता ढवळता सांगून टाकलं होतं.

एकच कोडं त्यांना सुटत नव्हतं. रशिया आणि प्रशिया टेप घेऊन पोलंडच्या खोल्या मोजायला यायचे, तेव्हा ऑस्ट्रियाही तिथे असायची. पण प्रत्येक चौकटीत पाठमोरी.

"लाजते ती," बाई म्हणाल्या. "तिच्या राजधानीला, व्हिएन्नाला, वेढा पडला होता तेव्हा पोलंडचाच राजा धावून आला होता. असे उपकार कोण विसरतं?"

"पण पोलंडचा वाटा घेतलाच ना तिनं?"

"घेतला. पण ऑस्ट्रियाची महाराणी रडली होती म्हणतात. मनातून तिला नको होतं."

"रडली म्हणून परत केला का?"

"इतिहास असा नसतो गं."

धाकटी हसली आणि उठून कप विसळू लागली. कापडाच्या कारखान्यात ती नक्ष्या काढायची. तिच्या बोटांवरची शाई सुट्टीच्या दिवशीही निघत नसे. बाईंचं मोठं ऑपरेशन झालं तेव्हा आधीच्या नोकरीवर पाणी सोडून तिने पाच महिने त्यांचं सगळं अंथरुणात केलं होतं. आईचं तर शेवटपर्यंत केलं. आता हे घर चौघा भावंडांच्या नावावर होतं, आणि आईला जाऊन वर्षही झालं नव्हतं, तोच दोघा भावांना ते विकायची घाई झाली होती. धाकटीला दुसरं घर नव्हतं.

"बुधवारी एक माणूस येऊन खोल्या मोजून गेला," ती पाठमोरीच म्हणाली.

"दादाचे उद्योग. दुसरं कोण?" बाईंनी पिशवीतून त्यांची नेहमीची, कोपरा फाटलेली निळी फाइल काढली. "म्हणून तर धावपळ करून हे तयार करून आणलंय. तुझी खोली तुझ्याकडेच राहावी, असा अर्ज आहे. शेवटच्या पानावर सही कर. मग कोण तुझ्या केसाला धक्का लावतो ते बघतेच."

"वाचू?"

"माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

"तुझ्यावर नाही तर कुणावर ठेवू, ताई?" धाकटीने हात पुसले आणि पेन घेतलं.

तिची ती वाकलेली मान पाहून बाईंना भरून आलं. लहानपणी पाढे लिहितानाही ती अशीच जीभ दाताखाली धरून वाकायची. डोळ्यांपुढचं सगळं धूसर झालं. बाईंनी दोरीला अडकवलेला चष्मा काढला, रुमालाने डोळे टिपले, काचा पुसल्या. चष्मा परत नाकावर येईपर्यंत धाकटीने फाइल मिटून त्यांच्या हातात दिलेली होती.

"आणखी चहा टाकू?"

"नको. दादाकडे जाते. आज सोक्षमोक्षच लावते."

दार दादानेच उघडलं. मधला भाऊ आत सोफ्यावर पाय हलवत बसला होता.

"झाली सही?" दादाने विचारलं.

"झाली."

"वाचलं नाही ना तिनं?"

"नाही." बाईंनी फाइल त्याच्याकडे दिली. "तिच्यासाठी होस्टेल बघून ठेवलंय मी. खोली लहान आहे, पण खिडकी आहे." त्यांचे डोळे पुन्हा भरून आले.

"तू नको वाईट वाटून घेऊस. तुझा वाटा ठरल्याप्रमाणे," दादा म्हणाला आणि त्याने फाइल उघडली.

पाच वाजले आणि बाईंच्या फोनवर नवा भाग आला. सवयीने त्यांनी तो उघडला. ऑस्ट्रियाने तोंड वळवलं होतं. तिचा चष्मा दोरीला अडकवलेला होता. एका हातातल्या रुमालाने ती डोळे टिपत होती आणि काखेत निळी फाइल होती, कोपरा फाटलेली. शेजारी टेपवाला माणूस पोलंडला सांगत होता, "मला तुमच्या ताईंनीच पाठवलं होतं."

खाली एकाने लगेच विचारलं होतं, "बाई, हे कुठल्या साली घडलं?"

बाईंनी फोन पालथा ठेवला. कडेवर घेऊन वाढवलेली पोर. इतके रविवार शेजारी बसून चहा पीत राहिली, आपले तर्क ऐकत राहिली, आणि एका शब्दाने कळू दिलं नाही. घरातलं सगळं तिने चव्हाट्यावर मांडलं. सख्ख्या बहिणीने असा दगा द्यावा, हे त्यांच्या काही केल्या पचनी पडेना.

दादा शेवटचं पान उजेडाकडे धरून पाहत होता.

"अगं, सहीच्या जागी हे काय लिहिलंय तिनं?" तो म्हणाला. "हा भाडेकरू कोण?"