घरचं कॉलेज

साहेब, या माळावरच्या कॉलेजाला मान्यता देताना तुम्ही डोळे कुठं गहाण ठेवले होते? तपासणीला आलात, चेअरमनच्या फार्महाऊसवर मटण चापलंत, हात धुतलेत आणि सही ठोकून गेलात. चार पावलं चालून प्रयोगशाळेचं दार उघडलं असतं, तर आत गुरांच्या छावणीचा कडबा छतापर्यंत रचलेला दिसला असता. तुम्ही नाही उघडलं. शिवकन्येनं उघडलं.

बारावीनंतर तिला व्यवसायोपचार शिकायचा होता. हात गेलेल्या, अंग लुळं पडलेल्या माणसाला पुन्हा स्वतःच्या हातानं घास घेता यावा, गुंडी लावता यावी, कामाला लागता यावं, हे शिकवणारी विद्या. नागपूरच्या सरकारी कॉलेजात तिला जागा मिळाली होती. शुक्रवारपर्यंत हजर व्हायचं होतं. आणि आज, बुधवारी, सुंदररावांनी तिचा जाहीर सत्कार ठेवला.

सुंदरराव म्हणजे सहकारी साखर कारखान्याचे चेअरमन, आणि आता कॉलेजाचेही. माजलगावचं धरण तळाला गेलेलं, ऊस नाही, कारखाना बंद. सभा तेवढ्या बंद नाहीत. माणसं जमावी म्हणून पाण्याचा टँकर मांडवामागं उभा करून ठेवलेला. भाषण संपल्याशिवाय तोटी सुटत नाही, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. बाया रिकाम्या घागरी मांडीवर घेऊन बसलेल्या.

“व्यवसायोपचार!” सुंदरराव माईकवर गरजले. “नाव बगा किती दणदणीत! व्यवसाय आजारी पडला, की त्याला उपचार करायचं हे शास्तर हाय. आपला कारखाना दोन साल झाले आजारी हाय का न्हाई? मंग! ही पोरगी शिकंल आन् कारखाना बरा करंल!”

पहिली टाळी प्राचार्य त्रिंबकनं वाजवली. हा त्रिंबक कारखाना बंद पडेपर्यंत तिथल्या वजनकाट्यावर होता. शेतकऱ्यांच्या उसात काटा मारून झाला, आता पोरांच्या आयुष्यात मारायला बसवलाय.

“नागपूर लई लांब. त्यात पोरीची जात. घरच्या कॉलेजात ह्योच कोर्स काढलाय, त्यो सोडून कावून जायचं? पहिलं ॲडमिशन शिवकन्येचं, मी हितंच जाहीर करतो!” सुंदररावांनी सांगून टाकलं.

शिवकन्या खुर्चीतून अर्धी उठली. शेजारी बसलेल्या बापानं, आश्रुबानं, तिला डाव्या हातानं खाली ओढलं.

“गप बस, बाई. त्येंच्या जिवावर वॉचमन हाय मी.”

उजवा हात त्यानं सवयीनं खिशात कोंबला होता. त्या हाताला अंगठाच तेवढा उरलेला. कारखाना चालू होता तेव्हा एका हंगामाच्या मुहूर्ताला सुंदररावांनी गव्हाणीत उसाची मोळी टाकली, पण फोटोवाल्याचं बटण चुकलं. गव्हाणीतला ऊस आत ओढणारा पट्टा थांबवला होता. आश्रुबा अडकलेला ऊस काढायला त्यात वाकला होता. “फोटो हुकला. परत घ्या,” सुंदरराव म्हणाले आणि पट्टा सुरू झाला. फोटो मात्र झकास आला. कारखान्याच्या हाफिसात अजून टांगलाय.

बापलेकीला स्टेजवर बोलावलं. शाल लेकीला, नारळ बापाला. सुंदररावांनी नारळ पुढं केला, तोंड कॅमेऱ्याकडं फिरवलं आणि नारळ सोडून दिला. आश्रुबानं गडबडून दोन्ही हात पुढं केले. नारळ अंगठ्याला घासून खाली पडला, गडगडत स्टेजच्या कडेला गेला.

मांडव हसला.

“नीट धर की बे, आश्रुबा!” सुंदररावही हसले. “फोटो हुकला. परत घ्या.”

 आश्रुबाचा हात पुन्हा खिशात गेला. हेच शब्द तो झोपेत बरळायचा, आणि पलीकडच्या अंथरुणावर शिवकन्या जागी असायची.

तिनं शाल काढून खुर्चीवर टाकली. नारळ उचलला, बापाला दिला नाही. सुंदररावांच्या पोटासमोर धरला.

“कारखाना बरा करायचं न्हाई शिकवत ह्या कोर्सात. हात गेलेल्या माणसानं नारळ कसा धरायचा, हे शिकवतेत. तुमच्या कॉलेजात शिकवणारं एक तरी माणूस हाय का? हितं बोलवा. माझ्या बापाला नारळ धरायला शिकवू द्या. मंग नागपूरला जात न्हाई मी.”

सुंदररावांनी त्रिंबककडं पाहिलं. त्रिंबकनं टँकरकडं.

“तोटी सोडा रे!” सुंदरराव एकदम ओरडले. “पाणी सोडा! बाया कवापून ताटकळल्यात!”

भाषण संपायच्या आधी तोटी सुटली, असं त्या गावात पहिल्यांदाच घडलं. बाया उठल्या, तोटीखाली घागरी लावल्या. पण माना सगळ्यांच्या स्टेजकडंच वळलेल्या. कोणी हसत नव्हतं.

सुंदरराव पायऱ्यांकडं निघाले. आश्रुबा आडवा उभा राहिला. त्यानं खिशातून उजवा हात काढला, भर मांडवात, सगळ्यांना दिसेल असा. माईकच्या दांड्यात तो अंगठा अडकवला आणि दांडा स्वतःकडं ओढला.

“पोरगी इचारतीय न्हवं, सायेब? शिकवाय कोण हाय, सांगा की.”