फुकटची वकीलबाई

सरकारनं दिलेली फुकटची वकीलबाई, ती काय जीव तोडून भांडणार? करकंबच्या बजाबाईच्या मनातला हा संशय दोन वर्षं हलला नाही. तिचा मुलगा ऋतुराज चुलत्याच्या खुनाच्या आरोपाखाली तुरुंगात, आणि त्याच्या वकील अंकिता यन्नम सोलापूर कोर्टाच्या कँटीनमध्ये सरकारी वकिलासोबत हसत चहा पीत होत्या. "ही त्यास्नी सामील हाय," बजाबाई बहिणीला म्हणाली.

खून डोळ्यांनी पाहिल्याचं सांगणारा शेजारी साक्षीला उभा राहिला, तेव्हाही वकीलबाईंनी दोनच प्रश्न विचारले.

"त्या संध्याकाळी गावात लाइट होती का?"

"न्हवती."

"मग अंधारात लांबून ऋतुराजला ओळखलंत कशावरून?"

महिन्याभरानं निकाल लागला. ऋतुराज निर्दोष सुटला.

कोर्टाच्या पायऱ्यांवर बजाबाईनं बाईंचे हात धरले, पण मनातली अढी जाईना.

"रागावू नका बाई, पर दोन वर्सांत तुमी माज्या पोराला एकदाबी इचारलं न्हाय, त्यानं केलं का न्हाय ते. आसं कसं?"

"माझं काम त्यावाचून अडत नव्हतं, मावशी," बाई म्हणाल्या. "तुम्ही विचारलंत का?"

दर भेटीला तुरुंगाच्या जाळीतून तिनं पोराला जेवणाचं विचारलं होतं, झोपेचं विचारलं होतं. तेवढं एक विचारायला तिची जीभ कधी रेटली नव्हती.

आणि आज संध्याकाळी तो घरी येणार होता.