सव्वीसचा चौकोन

दत्तोबांनी पत्रिका तिसऱ्यांदा उलटी करून पाहिली. मागे काहीच छापलेलं नव्हतं. चहावर साय धरली तरी त्यांनी कप उचलला नाही, तेव्हा करिमाला कळलं की काहीतरी बिनसलंय.

तिच्या लेकीच्या, साजियाच्या लग्नाची पहिली पत्रिका शेजारी म्हणून काल त्यांनाच दिली होती. आज सकाळी सातलाच दत्तोबा आणि त्यांची बायको कुशाबाई ती घेऊन करिमाच्या ओट्यावर हजर. पत्रिका परत आणण्याची पद्धत बावडा गावात नाही. करिमाच्या नवऱ्याने, चाँदभाईंनी विचारलं, नाव चुकलं का? नाव बरोबर होतं.

शेवटी कुशाबाईच बोलल्या. "सव्वीसला एकादशी हाय."

करिमाने श्वास सोडला. एवढंच ना. शाकाहारी जेवणाला पणदऱ्याचा आचारी वेगळा सांगितला होता. चूल वेगळी, भांडी वेगळी. मसालेभात, वांग्याची भाजी, जिलेबी. हे सगळं ती सांगत गेली आणि सांगता सांगता तिच्या लक्षात आलं, की कुशाबाई मान हलवत नाहीत.

"भात न्हाय चालत, करिमा. वांगं बी न्हाय. आन त्यात गुरुवार, मार्गशीर्षातला शेवटचा. बाप्ये येकवेळ ऐकत्याल. बाया हात बी लावायच्या न्हाईत."

करिमाने भिंतीकडे पाहिलं. तारीख तिनेच काढली होती. होणारा जावई परवेज पुण्यात ज्या परदेशी कंपनीत होता, ती वर्षातून एकदाच, नाताळात आठ दिवस बंद असायची. लग्न त्या आठ दिवसांतच बसवायचं होतं. त्याच कंपनीचं कॅलेंडर भिंतीवर होतं. डिसेंबरच्या पानावर बर्फ, बर्फात एक झाड आणि पंचवीस तारीख तांबडी. करिमाने पेन्सिलीने एकेक फुली मारली होती. चोवीसला शेतात कारखान्याची ऊसतोड. पंचवीसला इंदापूर रस्त्यावरचा हॉल गेलेला. सत्तावीसपासून पुढेही गेलेला. एकच चौकोन मोकळा राहिला. आपल्यात मुहूर्त पाहावा लागत नाही हे किती सोयीचं, असं ती तेव्हा म्हणालीही होती. सव्वीसलाच हॉल कसा रिकामा, हे मात्र कुणी विचारलं नाही.

गावातली एकही पंगत चाँदभाईंनी आजवर चुकवली नव्हती. एकुलत्या पोरीच्या लग्नात सगळं गाव आपल्याकडे जेवेल, हे ते साजिया पाळण्यात होती तेव्हापासून सांगत आले होते.

"म्हंजी माझ्या मांडवातनं गाव उपाशी उठणार," ते हळू आवाजात म्हणाले. मग दत्तोबांकडे वळले. "तारीख ठरली तवा तुमी हितंच बसला हुता की, आबा. माझा ट्रॅक्टर मोकळा हाय, धरा सव्वीस, हे कोण म्हणलं?"

दत्तोबांनी कॅलेंडरकडे बोट केलं. "त्येच्यावर एकादशी कुठं लिवलीय? नुसतं झाड हाय."

"आपल्या घरात बी येक क्यालेंडर हाय," कुशाबाई म्हणाल्या. "रोज त्येच्याखालीच जेवता."

दत्तोबा पुन्हा पत्रिका वाचू लागले.

करिमाने पणदऱ्याच्या आचाऱ्याला फोन लावला. उपवासाचं जमेल का, असं विचारलं. सव्वीसला एकादशी आहे हे त्यालाही आत्ताच कळत होतं. मग आपण नरसिंहपूरला दर्शनाला जाणार, असं सांगून त्याने फोन ठेवला.

"मटण न्हाय, भात न्हाय, वांगं न्हाय," चाँदभाई म्हणाले. "मग त्या दिवशी खाता तरी काय?"

दत्तोबांचा चेहरा पहिल्यांदाच खुलला. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, शेंगदाण्याची आमटी, रताळ्याचा कीस, बटाट्याची भाजी, दही, केळी, राजगिऱ्याचे लाडू. मोजता मोजता दोन्ही हातांची बोटं संपत आली.

"आमच्या लग्नापरीस तुमचा उपास मोठा हाय की."

करिमाने आता बिर्याणीवाल्या शब्बीरला फोन लावला. तीनशे माणसांची साबुदाण्याची खिचडी, असं ती म्हणाली. मग शब्बीरने अदबीने विचारलं, की दम किती वेळ द्यायचा.

कुशाबाई उठून उभ्या राहिल्या.

"ठेव त्यो फोन. दम दिला तर लगदा व्हईल नुसता." त्यांनी पदर खोचला. त्यांच्या भजनी मंडळात अकरा बायका होत्या. मंदिराची पातेली होती. खिचडी एकदम करायची नाही, लहान लहान घाण्यांनी करायची, म्हणजे मोकळी होते. आणि हॉलपर्यंत न्यायला एक ट्रॅक्टर होता, तो मोकळा असल्याचं ट्रॅक्टरच्या मालकाने आधीच जाहीर केलं होतं. "साबुदाणा तेवढा आदल्या रातीला भिजाया पायजे. तीस किलो. इसरू नगंस."

चाँदभाईंनी दत्तोबांचा गार झालेला चहा आत नेला आणि स्वतः गरम करून आणला.

करिमाने पेन्सिल घेतली. सव्वीसच्या चौकोनात जागा नव्हती, तिथे लग्न होतं. तिने पंचवीसच्या तांबड्या आकड्याखाली, झाडाच्या बुंध्याला लागून लिहिलं, 'साबुदाणा भिजत घालणे, ३० कि.'

कुशाबाई चपला घालायला पायरीशी गेल्या. तेवढ्यात दत्तोबा चाँदभाईंच्या कानाशी वाकले.

"बारशीला सकाळी उपास सुटतो. माझ्या वाटणीची बिर्याणी झाकून ठिवा."

"आन मार्गशीर्ष?"

"त्यो तिचा हाय."

चाँदभाईंनी बायकोकडे नुसतं पाहिलं. करिमाने पेन्सिलीला टोक केलं आणि सत्तावीसच्या चौकोनात, कोपऱ्यात, चष्म्याशिवाय कुणाला वाचता येणार नाही इतक्या बारीक अक्षरात लिहिलं, 'आबा'.