दुसरा ठोका

दवाखान्यातला तिचा पहिलाच दिवस, आणि तपासणीला आलेली पहिलीच गरोदर बाई म्हणाली, "सिस्टर, कालपासून बाळ हललंच नाही." नव्या नर्सने देवाचं नाव घेत पोटावर लाकडी नळी टेकवून कान लावला. ठोके ऐकू आले. "आहेत हो ठोके!" ती बोलून गेली. बाईसोबत आलेल्या सासूबाईंनी सुस्कारा सोडला, "मी सांगतच होते, बापासारखं झोपाळू आहे ते!" मग शिकवल्याप्रमाणे नर्सने बाईचं मनगट धरलं आणि तिची पाचावर धारण बसली. मनगटातली नाडी आणि कानातले ठोके एकाच लयीत पडत होते. तिने ऐकलं होतं ते आईचंच काळीज. "चुकले मी. पुन्हा ऐकते," ती कशीबशी म्हणाली. सासूबाईंचं हसू मावळलं. नर्सने नळी पलीकडे सरकवली, श्वास रोखला. काहीच नाही. आणि तेवढ्यात नळीसकट तिच्या कानाला आतून लाथ बसली.