आतलं कार्ड

दुरुस्तीवाल्याने लॅपटॉप पालथा करून झाकण काढलं आणि स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने आतली एक रिकामी खाच दाखवली. "काका, सिम घातलंत, पण इंटरनेटचं कार्ड इथं बसतं. ते यात कधी नव्हतंच. वर्षभर मेल येणार कुठून?"

मला केवढं हलकं वाटलं. भांडून गेलेल्या लेकीला मी उगाचच बोल लावत होतो. तिची पत्रं वाटेतच अडकली होती. "लगेच बसवा," मी म्हणालो.

कार्ड बसलं. साचलेले मेल एकाखाली एक उतरू लागले. ग्रंथालयाची स्मरणपत्रं, विम्याच्या सूचना, मसाल्यांच्या जाहिराती. मी यादी शेवटपर्यंत पाहिली, मग पुन्हा वरपासून. लेकीचं नाव कुठेच नव्हतं.

"चालतंय ना, काका?"

"छान चालतंय," मी म्हणालो. "फक्त ते कार्ड परत काढता येईल का?"