व्याह्यांमागचा ड्रम

तिसरं मंगलाष्टक संपत आलं आणि नवऱ्या मुलाच्या वडिलांच्या सोफ्यामागून आवाज आला. बारीक, पण लांब. शेवटाला किंचित वळण घेऊन थांबला.

नवनगरच्या त्या कार्यालयात अर्ध्या लोकांनी माना वळवल्या. नवऱ्या मुलाचे वडील सुधींद्रराव, धारवाडचे वकील, समोर बघत ताठ बसून राहिले. त्यांच्या पत्नी श्यामलाबाई पदर सावरत वीतभर बाजूला सरकल्या.

मुलीचे वडील विठ्ठलराव जागेवरून उठले. आवाज कुणाचा ते त्यांना ठाऊक होतं. जिरा सोड्याचा स्टीलचा ड्रम त्यांनीच तिथं ठेवायला लावला होता. अक्षता पडल्या की पहिला गार ग्लास व्याह्यांच्या हातात जावा, मानपानात कसूर नको, म्हणून. खिडकीतलं ऊन सरकत ड्रमावर येईल, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

ते वाकत वाकत सोफ्यामागं गेले, उकिडवे बसले आणि ड्रमाच्या डोक्यावरचा व्हॉल्व त्यांनी अंगठ्यानं दाबून धरला.

“अण्णा, अंगठा काढा,” सोडेवाला भीमराव कुजबुजला. “ड्रम तापलाय. आत गॅस वाढला की व्हॉल्व आपणहून थोडा थोडा बाहेर घालवतोय. कोंडला तर ड्रम फुटंल.”

“अक्षता पडेपर्यंत धरतो.”

“अजून नवरीच्या मावशीबाईंनी घरी रचलेलं मंगलाष्टक व्हायचंय. कागद बघितलाय मी, दोन्ही बाजूंनी लिहिलाय. तोवर ड्रम राहणार न्हाई. तुम्ही बी.”

विठ्ठलरावांनी अंगठा काढला.

कोंडलेला वारा असा सुटला, की अंतरपाट शिडासारखा फुगून वर गेला आणि नवरा-नवरीनं मुहूर्ताआधीच एकमेकांना नीट बघून घेतलं. खोटं वाटेल, पण व्हिडिओत आहे. श्यामलाबाई सोफ्याच्या पार टोकाला पोचल्या.

आता लपवण्यात अर्थ नव्हता. विठ्ठलराव उभे राहिले. “मंडळी, हा सोड्याचा ड्रम आहे. भीमराव, दाखव.”

भीमरावानं व्हॉल्वची कडी ओढली. तोच आवाज, तेच वळण. सगळे हसले, भटजीसुद्धा. श्यामलाबाई सरकत सरकत जागेवर आल्या.

अक्षता पडल्या. विठ्ठलराव हात जोडून व्याह्यांपुढं गेले. “चूक झाली. ड्रम आत्ता हलवतो.”

सुधींद्ररावांनी त्यांचं मनगट धरलं. “राहू दे हो इथंच. काही अडत नाही.” आणि मनगट बराच वेळ सोडलं नाही.

पंगती उठल्या. पावट्याची उसळ दोनदा मागून घेतलेले सुधींद्रराव पुन्हा सोफ्यावर विसावले. थोड्या वेळानं आवाज आला. बारीक, लांब. वळण मात्र जरा निराळं.

कुणी मान वळवली नाही. श्यामलाबाईंनी शेजारणीला समजावलंसुद्धा, “ड्रम आहे तो. तापतो.”

भीमराव ड्रमाचा काढलेला व्हॉल्व नळाखाली धूत बसला होता. ड्रम केव्हाच संपला होता. त्यानं हातातल्या व्हॉल्वकडं बघितलं, मग विठ्ठलरावांकडं.

विठ्ठलराव त्याच्याजवळ जाऊन हळूच म्हणाले, “उद्या धारवाडला त्यांच्याकडं सत्यनारायण आहे. हा ड्रम तिकडं पाठव.”

“भरून?”

“रिकामा चालेल.”